सबसेक्शनचे आकडे की नावांचे सेक्शन?

गॅसमध्ये, म्हणजे असेंब्ली भाषेतला कोड यंत्रभाषेत बदलणाऱ्या ग्नू असेंब्लरमध्ये, सोर्समध्ये इकडेतिकडे लिहिलेले तुकडे आउटपुटमध्ये शेजारी आणायचे दोन रस्ते आहेत. एकाच सेक्शनच्या, म्हणजे आउटपुटमधल्या एका नावाच्या कप्प्याच्या, पोटात आकडे देऊन सबसेक्शन करायचे, नाहीतर प्रत्येक गटाला स्वतःचं नाव देऊन वेगळा सेक्शन काढायचा आणि मांडणी लिंकर स्क्रिप्टवर, म्हणजे सगळ्या फाईलींचे तुकडे जोडणाऱ्या लिंकरला दिलेल्या सूचनांवर, सोपवायची. मी दोन्हींवरून गेलोय. परवा माझ्याकडे काम शिकणाऱ्या पोराने विचारलं, "सर, टेक्स्ट शून्य, टेक्स्ट एक असंच ठेवू का?" टेक्स्ट म्हणजे कोडचा नेहमीचा सेक्शन, त्यापुढचा आकडा सबसेक्शनचा. त्या पोराला तोंडी जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

माझं काम सोलापुरातलं, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या मागांना बसणाऱ्या कंट्रोलरचं. आर्म जातीची कॉर्टेक्स-एम-शून्य चिप, ३२ केबी फ्लॅश, बराच कोड सी-मध्ये आणि उरलेला असेंब्लीत. त्यात इशाऱ्यांचा एक तक्ता असतो: ताणा तुटला, बाणा तुटला, पाईलचा बीम संपला. एका नोंदीला आठ बाइट. चार इशाऱ्याच्या क्रमांकाला, चार मजकुराच्या पत्त्याला. त्यासाठी एक मॅक्रो, म्हणजे एका नावाने बोलावता येणारा तयार ओळींचा गट, होता. तो नोंद टेक्स्ट एकमध्ये टाकायचा, मजकूर टेक्स्ट दोनमध्ये, आणि टेक्स्ट शून्यात परतायचा. जिथे इशारा वाजवायचा त्या कोडच्या शेजारीच त्याचा मजकूर लिहिता येत होता. वाचायला इतकं सोपं की नवा माणूसही अर्ध्या तासात फाईल समजून घ्यायचा.

एका फाईलपुरतं हे फार सुखाचं आहे. शून्यापासून ८१९२ पर्यंत आकडे मिळतात, असेंब्लर ते चढत्या क्रमाने लावून देतो, लिंकर स्क्रिप्टला हातही लावावा लागत नाही. सगळं एकाच सेक्शनमध्ये असल्यामुळे आर्मवर दोन लेबलांतलं, म्हणजे नाव दिलेल्या दोन जागांतलं, अंतर असेंब्लर स्वतःच काढतो, लिंकरसाठी काही शिल्लक ठेवत नाही. लिटरल पूलसुद्धा, म्हणजे सूचनेत न मावणाऱ्या आकड्यांचा साठा, तो प्रत्येक सबसेक्शनचा वेगळा सांभाळतो. ते आकडे उचलणाऱ्या सोळा बिटांच्या थंब लोड सूचनेची पोच पुढे १०२० बाइटच असते, त्यामुळे क्वचित चालणारा कोड उचलून टेक्स्ट तीनमध्ये नेला तरी त्याचे आकडे त्याच्याबरोबरच जातात. आणि ही काही जुनाट सवय नव्हे. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, आर्म-६४ भागात २०२० साली पर्यायी सूचनांचे (चिप पाहून मूळ सूचनांच्या जागी बसवायचे) तुकडे स्वतंत्र सेक्शनमधून काढून मुद्दाम सबसेक्शनमध्ये आणले गेले. कर्नल खूप मोठं झालं की त्या तुकड्यांतल्या उड्या पोचेबाहेर जायच्या आणि लिंकर मध्ये व्हिनीअर, म्हणजे लांब उडीसाठीचा जोडतुकडा, घालायचा. तुकडे मूळ कोडच्या जवळ राहिले की ते टळतं. तेव्हा सबसेक्शन वाईट असं मी म्हणणार नाही.

माझं मन फिरलं ते एका त्रासामुळे.

इशारे वाढले तशी फाईल लांबली, म्हणून नवे इशारे दुसऱ्या फाईलमध्ये नेले. मॅक्रो तोच. तक्त्याचं सुरुवातीचं लेबल पहिल्या फाईलच्या टेक्स्ट एकमध्ये, शेवटचं दुसऱ्या फाईलच्या टेक्स्ट एकमध्ये. दोन्ही फाईलींचे टेक्स्ट एक एकत्र येतील हे मी गृहीत धरलं होतं. तसं होत नाही. सबसेक्शन फक्त असेंब्लरच्या घरचा मामला आहे. ऑब्जेक्ट फाईल, म्हणजे असेंब्लरचं आउटपुट, लिहिली गेली की आकडे पुसले जातात आणि लिंकरला दिसतो तो एक सलग टेक्स्ट. त्याने पहिल्या फाईलचा टेक्स्ट ठेवला, त्यामागे दुसऱ्या फाईलचा. म्हणजे अर्धा तक्ता, मग मजकूर, मग दुसऱ्या फाईलचा कोड, मग उरलेला तक्ता.

एवढ्यावर तो सरळ बिघडला असता तर अर्ध्या तासात सापडला असता. पण शोधणारं लूप आठ-आठ बाइटांच्या पावलांनी चालायचं आणि मधला मजकूर नि कोड चार बाइटांच्या पटीत बसायचा. त्यामुळे पाऊल कधी दुसऱ्या अर्ध्या तक्त्यावर बरोबर पडायचं, कधी चार बाइट चुकून, मग क्रमांकाच्या जागी पत्ता वाचला जायचा. एका बिल्डला सगळं ठीक. एखाद्या मजकुरात दोन-तीन अक्षरं वाढवली की नवे इशारे गायब. टेबलावरच्या बोर्डवर मी तपासलेला बिल्ड नेमका ठीक निघालेला होता.

कारखान्यात माग थांबला आणि पडद्यावर काहीच नाही. संपला होता पाईलचा बीम, पण मागावरचे अण्णा तुटलेला धागा शोधत बसले. वाकून एकेक टोक चाचपत होते. अण्णांचा पगार टॉवेलवर, त्यामुळे थांबलेल्या मागाचा प्रत्येक मिनिट त्यांच्या खिशातून जात होता. मी शेजारी उभा होतो. ती पाच-सात मिनिटं मी अजून विसरलेलो नाही.

त्या रात्री मॅप फाईल, म्हणजे लिंकरने काय कुठे ठेवलं त्याची यादी, उघडली. प्रत्येक ऑब्जेक्ट फाईलला टेक्स्टची एकच ओळ, खाली मोजकी ग्लोबल लेबलं. टेक्स्ट एक कुठे संपला, दोन कुठे सुरू झाला, काही पत्ता नाही. शेवटी दोन लेबलांची वजाबाकी केली. चाळीस नोंदींचे ३२० बाइट व्हायला हवेत. फरक दोन हजारांच्या वर होता. मांडणी चुकली तर लिंकर सांगत नाही, मॅप सांगत नाही, कोणीच सांगत नाही. हे मला पटलं नाही आणि आजही पटत नाही.

तेव्हापासून तक्त्याला स्वतःचा सेक्शन आहे. नावात ठिपका ठेवला नाही. सी-मध्ये चालेल असं साधं नाव दिलं आणि आउटपुटमध्येही त्याच नावाने वेगळं ठेवलं. असं केलं की लिंकर दोन्ही टोकांना स्टार्ट आणि स्टॉपची लेबलं आपणहून देतो, माझी टोकाची लेबलं उडालीच. पाच फाईली झाल्या तरी नोंदी एका जागी येतात आणि कुठल्या फाईलमधून किती बाइट आले ते मॅपमध्ये ओळीने दिसतं. क्रम हवा असेल तर नावातच आकडा घालायचा. एव्हीआर चिपवाल्यांना हे ठाऊक आहे: त्यांच्या एव्हीआर-लिबसी लायब्ररीत इनिट-शून्य ते इनिट-नऊ असे दहा सेक्शन आहेत, स्टॅक दोनमध्ये लागतो, डेटा चारमध्ये भरला जातो आणि नऊमधून उडी मेनवर.

या रस्त्यावरही खड्डे आहेत. नव्या नावाच्या सेक्शनला फ्लॅग, म्हणजे त्याचे गुणधर्म सांगणारी अक्षरं, दिले नाहीत तर गॅस त्याला मेमरीत जागाच देत नाही. लिंक बिनतक्रार होते, पण चिपमध्ये भरायच्या बिन फाईलमध्ये तक्ता उतरत नाही. म्हणून मेमरीत जागा मागणारा 'ए' फ्लॅग विसरायचा नाही, आणि आर्मवर ॲटचं चिन्ह कॉमेंटचं असल्याने प्रकार लिहिताना टक्क्याचं चिन्ह वापरायचं. नको असलेले सेक्शन गाळायचा पर्याय चालू असेल आणि तक्त्याकडे कोणी थेट बोट दाखवत नसेल, तर लिंकर स्क्रिप्टमध्ये 'कीप', म्हणजे हा गाळू नको, असं लिहिलेलं बरं. नोंदीचा आकार अलाइनमेंटच्या, म्हणजे पत्ता ज्या आकड्याच्या पटीत लागतो त्याच्या, पटीत नसेल तर दोन फाईलींच्या सांध्यावर रिकामे बाइट शिरतात. माझ्या आठ बाइटांना ती अडचण आली नाही, सहाच्या असत्या तर आली असती. हे सगळे त्रास खरेच आहेत. पण प्रत्येकाचा माग मॅपमध्ये नाहीतर सेक्शनच्या यादीत सापडतो.

कुठलाही रस्ता धरा, मॅक्रोत आधीच्या सेक्शनकडे परतायला 'प्रीव्हियस' वापरू नका. ते फक्त मागच्या एका जागी परत नेतं. एका मॅक्रोतून दुसरा मॅक्रो बोलावला की आपण कुठे होतो ते हरवतं. आधीची जागा लक्षात ठेवणारं 'पुशसेक्शन' आणि तिथे परतणारं 'पॉपसेक्शन' कितीही आत गेलात तरी बरोबर परत आणतात, आणि पुशसेक्शनला सबसेक्शनचा आकडाही देता येतो.

नॅस्म या दुसऱ्या असेंब्लरवर काम करणाऱ्यांपुढे हा पेच नाही, कारण तिथे असे आकड्यांचे सबसेक्शन नाहीत. नावाचे सेक्शन, आणि मॅक्रोतून परतायला सेक्ट नावाचा तयार मॅक्रो, एवढंच.

तुमचं काम एका फाईलचं असेल, लिंकर स्क्रिप्ट दुसऱ्या कोणाच्या ताब्यात असेल, किंवा कोडचे तुकडे एकमेकांच्या पोचेत ठेवणं हाच हेतू असेल, तर सबसेक्शन घ्या. तिथे मीही तेच घेईन. पण दोन फाईलींतून गोळा होणारं काहीही असेल, तक्ता, सुरुवातीच्या कामांची यादी, काहीही, तर माझं मत नावांच्या सेक्शनकडे झुकतं. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. मी मागाशेजारी उभं राहून ठरवलंय.

त्या पोराच्या कोडमध्ये आता एकच सबसेक्शन उरलाय. वीज जाताना चालणारा छोटा कोड टेक्स्ट एकमध्ये आहे, सगळा त्याच फाईलमधला, बाहेरून त्याला कोणी हात लावत नाही. तो तसाच ठेव म्हणालो.