सेकंड हँड मॅच रायफल: नऊ महिने, अठरा डबे

परवा अठरावा डबा संपला. डब्यात ५०० पेलेट, म्हणजे ९,००० गोळ्या या रायफलीतून मारून झाल्या. आता हिच्याबद्दल बोलायला हरकत नाही.

जर्मन बनावटीची, जरा जुन्या पिढीतली, दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी ४.५ मिमीची मॅच, म्हणजे स्पर्धेची, एअर रायफल. त्याआधी माझ्याकडे नळी मोडून भरायची स्प्रिंगवाली होती. तिच्यावर हात बसतो, पण पेलेट नळीबाहेर पडायच्या आतच तिचा धक्का सुरू होतो, त्यामुळे डावा हात दोन बोटं पुढे गेला तरी गोळी दुसरीकडे. हिला धक्का जवळजवळ नाहीच. चूक झाली तर ती माझी, हे पहिल्याच दिवशी कळलं आणि फारसं आवडलं नाही.

सावंतवाडीच्या मामांनी फोटो पाहून लगेच विचारलं, "ह्याच्यान डुकर मरतलो काय गो?" आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा व्हायची, त्यामुळे घरात बंदूक म्हणजे तीच. मामा, डुक्कर सोडा, पुठ्ठ्याचा कागद फाटतो इतकंच. हिची ताकद साडेसात ज्यूलच्या आसपास. २०१६ च्या शस्त्र नियमांत २० ज्यूलच्या आतल्या .१७७ ला (इंचांत, म्हणजेच ४.५ मिमीला) परवाना लागत नाही, म्हणून तर घेता आली. शिकारीचा विषय १९७२ च्या वन्यजीव कायद्यानेच मिटवलाय. आणि स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ब्राँझ घेतलं ती रायफल वेगळी. ती ५० मीटरची, .२२ ची, तिला परवाना लागतो. हे मी घरात किमान सहा जणांना सांगितलंय.

पहिले दोन महिने ग्रुप, म्हणजे कागदावरचा भोकांचा पुंजका, सगळा वर-खाली पसरायचा. मी साइटचे, म्हणजे नेम धरायच्या साधनाचे, क्लिक फिरवत बसले. शिकवणाऱ्या सरांनी एक दिवस साइटला हातच लावू दिला नाही. म्हणाले, डोळे मिट, रायफल खांद्याला घे, मान सैल सोड, आता डोळा उघड. डायऑप्टरच्या, म्हणजे डोळ्याजवळच्या मागच्या साइटच्या, भोकात नळीच्या टोकाची पुढची रिंग मधोमध दिसायला हवी होती, ती खाली सरकलेली. म्हणजे गाल टेकवायची गालपट्टी खाली बसवलेली, आणि मी रोज मान ताणून डोळा वर नेत होते. गालपट्टी सहा मिमी वर घेतली, खांद्याला टेकणारी बटप्लेट थोडी खाली. आठवडाभर काहीतरी विचित्र वाटत राहिलं, मग मानेचं दुखणंच थांबलं. ५८० च्या घरात अडकलेला साठ गोळ्यांचा स्कोअर (दशांशात मोजलेला, एका गोळीला जास्तीत जास्त १०.९) हळूहळू ६०० च्या वर गेला. दहाचा ठिपका अर्ध्या मिमीचा असतो, तिथे मानेचा ताणही मोजला जातो.

पेलेटचं म्हणाल तर महागडा डबा आंधळेपणाने घेऊ नका. एकाच कंपनीचे ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिमी जाडीच्या पेलेटचे असे तीन डबे क्लबातून थोडे थोडे मागून घेतले, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली आणि पाच-पाच गोळ्या मारल्या. ४.५० ने एकच भोक केलं, ४.५१ चं भोक लांबट झालं. तुमच्या नळीला उलटंही आवडू शकेल.

आता तक्रार. रायफलीबद्दल नाही, विकणाऱ्याबद्दल. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते आणि दहा वर्षांनी तो मॅचला चालत नाही. तिसऱ्या आठवड्यात रेंजवर हवा भरणाऱ्या दादांनी सिलिंडर हातात फिरवला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "ताई, हा तर कधीच संपलाय." विकणाऱ्याने तेवढं सोडून बाकी सगळं सांगितलं होतं, अगदी केस कुठल्या कापडाची तेसुद्धा. नव्या सिलिंडरने दिवाळीचं बजेट खाल्लं. जुनी मॅच रायफल घेणार असाल तर नळीत नंतर डोकवा, आधी सिलिंडर उलटा करून बघा.

बाकी किरकोळ. वजन साडेचार किलो, खांद्याला नाही पण रिक्षात जाणवतं. मे महिन्यात जाड कॅनव्हासचं जॅकेट घालून उभं राहणं ही शिक्षाच, पण त्यात रायफलीचा काय दोष. ट्रिगर इतका हलका की पहिल्या दिवशी दोन गोळ्या मी न मारताच सुटल्या. घरी रोज वीस मिनिटं होल्डिंग (नुसती रायफल धरून स्थिर उभं राहणं) आणि ड्राय (गोळीशिवाय ट्रिगर दाबणं) करते, त्याने बोट शहाणं झालं.

क्लबातल्या दोघींनी विचारून ठेवलंय, विकायची झाली तर सांग. नव्या सिलिंडरवर २०३४ आहे. तोवर तरी नाही.