‘दुसरी पार्टी’ आणि माझे तीन लाख

कासारवडवलीतील एका जुन्या सोसायटीतला टू बीएचके घेण्याच्या नादात, नोव्हेंबर 2020 मध्ये माझे 3,00,000 रुपये बुडाले. टाळेबंदीनंतर घोडबंदर रोडला गिऱ्हाईक नव्हते, भाव उतरत होते. तरीही 96 लाखांच्या मागणीवर आधी 86 म्हणालेला मी, ‘दुसरी पार्टी 92 ला तयार आहे’ हे एजंटचे वाक्य ऐकून चार दिवसांत 93 लाखांवर गेलो. ती पार्टी मी कधीही पाहिली नाही.

कळायला तिथेच हवे होते. लिफ्टपाशी फलकावर थकबाकीदारांची यादी होती, तिच्यात याच फ्लॅटपुढे 74,300 रुपये होते आणि शेजारीच आणखी दोन फ्लॅट विकाऊ असल्याच्या चिठ्ठ्या टाचलेल्या होत्या. म्हणजे घाई मालकाला होती. मी ते सारे वाचले, मास्क सारखा केला आणि लिफ्टमध्ये शिरलो. मुद्रांक शुल्कातील 3 टक्क्यांची सवलत 31 डिसेंबरला संपणार, हे एजंटने इतक्यांदा ऐकवले होते की वाचणारे 2,79,000 दिसत होते, वाढवून दिलेले सात लाख नाही. माझ्या जागी कोणीही हेच केले असते, असे मी अजून घरच्यांना सांगतो.

टोकनपैकी, म्हणजे सौदा पक्का करायला दिलेल्या आगाऊ रकमेपैकी, 1,00,000 चा चेक मालकाला दिला आणि 2,00,000 ‘मालकांना रोखच हवेत’ म्हणून एजंटच्या हातात. रोख देऊ नका, कोणी कितीही गळ घातली तरी. पुढे बँकेच्या मूल्यांकनात फ्लॅट 82 लाखांचाच निघाला, कर्ज त्या हिशेबाने घटले आणि वरची रक्कम मला उभी करता येईना. पावतीत मात्र ‘खरेदीदाराने माघार घेतल्यास टोकन जप्त’ एवढेच होते. कर्ज कमी मिळाल्यास टोकन परत, ही ओळ असल्याशिवाय सही करू नये. मालकांना फोन केला, तेव्हा त्यांची मागणी मुळात 85 लाखांची होती आणि रोख रकमेतला रुपयाही त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता, हे समजले. चेकचे एक लाख त्यांनी पावतीकडे बोट दाखवत ठेवून घेतले.

पोलीस ठाण्यात पहिल्या खेपेला ‘हा दिवाणी वाद आहे’, दुसऱ्या खेपेला ‘शिकलेले दिसता, रोख दिलीत कशाला?’, तिसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तावर. पाचव्या खेपेपर्यंत माझा अर्जच सापडेना आणि पोच मागितली तर हवालदार असे पाहू लागले, जणू फसवणूक मीच केली होती. वकिलांनी नोटिशीपासून पुढचे 40,000 सांगितले.

नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा गोषवारा आणि त्यातली किंमत, कोणालाही शोधता येते. ती बोली लावण्याआधी शोधावी. मी जूनमध्ये शोधली. त्याच मजल्यावरचा शेजारचा फ्लॅट ऑक्टोबर 2020 मध्येच 79,50,000 ला नोंदवला गेला होता, आणि ‘माझा’ मार्चमध्ये 81 लाखांना.