गेन कुठे उतरवायचा? ८६६ मेगाहर्ट्झच्या एलएनएसाठी तीन मार्ग

एलएनए म्हणजे अँटेनाचा क्षीण सिग्नल वाढवणारा लो-नॉइज अ‍ॅम्प्लिफायर. त्यात कमी नॉइज आणि बदलता गेन (सिग्नल किती वाढतो ते), दोन्ही हवे असतील तर तीन रचना व्यवहारात दिसतात: ठरावीक गेनचा एलएनए आणि त्यामागे सिग्नल दाबणारा अ‍ॅटेन्युएटर, ट्रान्झिस्टरचा बायस (त्यातून सतत वाहणारा करंट) उतरवणं, आणि करंट-स्टीअरिंग, म्हणजे सिग्नलचा करंट दुसरीकडे वळवणं. सुटे भाग घेऊन बोर्ड बनवणार असाल तर पहिली घ्या.

उदाहरणार्थ एसपीएफ५१८९झेड हा एलएनए: ९०० मेगाहर्ट्झला नॉइज फिगर (भाग स्वतःचा किती नॉइज मिसळतो ते) ०.६ डीबी, गेन १८.७ डीबी. त्यामागे पीई४३०२ अ‍ॅटेन्युएटर: अर्ध्या डीबीच्या पायऱ्या, कमाल ३१.५ डीबी, शून्यावर ठेवला तरी साधारण १.५ डीबी खातो. शेवटी १० डीबी नॉइज फिगरचा मिक्सर (फ्रिक्वेन्सी बदलणारा टप्पा) धरा. एकूण नॉइज फिगर येते १.२ डीबी. तोच अ‍ॅटेन्युएटर एलएनएच्या पुढे, म्हणजे अँटेनाच्या बाजूला, लावला की २.५. मागे ठेवून २० डीबी दाबला तर ती १३ वर जाते खरी, पण तेव्हा सिग्नल दणदणीत असतो, त्यामुळे चालतं.

या रचनेची खरी दुखरी जागा म्हणजे अँटेनाचा सगळा मार एलएनएवर पडतो. ८६९ मेगाहर्ट्झपासून वर मोबाइलचा डाउनलिंक (टॉवरकडून फोनकडे जाणारा सिग्नल) आहे. टॉवर जवळ असला तर मागचा अ‍ॅटेन्युएटर काहीच वाचवत नाही. एलएनएच्या पुढे सॉ फिल्टर (ठरावीक पट्टाच आत सोडणारा भाग) लावावा, तर त्याचा लॉस जसाच्या तसा नॉइज फिगरमध्ये मिळतो, आणि ३ मेगाहर्ट्झच्या फटीत तो टॉवरला पुरता कापतही नाही. अशा जागी एलएनएला बायपास स्विच (एलएनए टाळून सिग्नल मागे नेणारा) द्यावा. अ‍ॅटेन्युएटरची आणखी एक खोड: १५.५ वरून १६ डीबीवर जाताना त्याचे सहाही कंट्रोल बिट एकदम पलटतात आणि क्षणभर भलताच गेन मिळतो. म्हणून पायरी दोन पॅकेटांच्या मधल्या वेळेत बदला.

बायस उतरवणं सर्वांत स्वस्त, आणि मोहात पाडणारं. करंट घटला की गेन घटतो, पण नॉइज वाढतो, इनपुट मॅच (अँटेनाशी जुळणी) सरकतो आणि सिग्नल न बिघडवता वाढवण्याची क्षमता, म्हणजे लिनिअ‍ॅरिटी नेमकी मोठा सिग्नल आल्यावरच ढासळते. बीएफ९९८ सारख्या ड्युअल-गेट मॉसफेटमध्ये दुसऱ्या गेटचं व्होल्टेज ४ व्होल्टवरून खाली आणून हे बरंच सुसह्य होतं. टीव्ही ट्यूनरमध्ये हीच पद्धत असे.

करंट-स्टीअरिंग मुख्यतः चिप डिझाइन करणाऱ्यांसाठी. कॅस्कोडच्या (मुख्य ट्रान्झिस्टरवर रचलेल्या दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या) जागी ट्रान्झिस्टरची जोडी असते. ती सिग्नलचा करंट लोडकडे किंवा थेट सप्लायकडे वळवते. खालच्या ट्रान्झिस्टरचा करंट तोच राहिल्यामुळे इनपुट मॅच फारसा हलत नाही. नॉइज मात्र मधल्या गेनला चढतो, कारण जोडीतले दोन्ही ट्रान्झिस्टर चालू असताना त्यांचा स्वतःचा नॉइज आउटपुटला पोचतो. बायपोलरमध्ये, करंट बराच वळल्यानंतर, दर २० डीबीला फक्त ६० मिलिव्होल्ट लागतात. म्हणजे कंट्रोलच्या तारेवर १ मिलिव्होल्ट खरखर आली की गेन ०.३ डीबीने हलतो. जोडीच्या बेसजवळ १ किलोओम आणि १० नॅनोफॅरडचा फिल्टर बसवा, आणि कंट्रोल व्होल्टेज तापमानाच्या प्रमाणात वाढणारं घ्या. नाहीतर उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात त्याच सेटिंगला गेन वेगळा मिळेल.