साधं पॅक्लिटॅक्सेल का नॅनो? आत्तीच्या वेळी आम्हाला जे कळलं ते

आत्तीच्या कॅन्सरला डॉक्टर म्हणाले पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध साधं देतो, नाहीतर त्याचंच नॅनोवालं आहे, पण खर्च कितीतरी पट, घरात बोलून उद्या सांगा. मग त्या रात्री कोल्हापुरात राजारामपुरीत सगळे जमले, काका म्हणले नवीन आहे म्हणजे चांगलंच असणार, घ्या, आणि चुलतभाऊ म्हणला ते थेट गाठीवर जाऊन पडतं, बाकी अंगाला काय होत नाही. त्याचं हे वाक्य आम्हाला जवळपास महाग पडलं असतं, म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट, औषध दोन्हीकडं एकच. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळतच नाही, ही सगळी भानगड तिथून सुरू होते. साध्या प्रकारात ते क्रेमोफोर नावाच्या, एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकात आणि अल्कोहोलमध्ये मिसळलेलं असतं, आणि सलाईन लावल्यावर जी ॲलर्जी उठते ती बरीचशी या क्रेमोफोरची, म्हणून आधी स्टेरॉइड आणि ॲलर्जीच्या सुया द्याव्या लागतात. तीन आठवड्यांनी एकदा घेतलं तर तीन तास, दर आठवड्याला कमी डोस घेतला तर साधारण तासभर.

नॅनोत तेच औषध अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रोटीनला बांधलेलं असतं. कण साधारण 130 नॅनोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीत पाच-सातशे सहज मावतील. क्रेमोफोर नाही, त्यामुळं बहुतेकांना आधी स्टेरॉइड लागत नाही आणि अर्ध्या तासात काम होतं. दिसायला दुधासारखं. आत्तीचे चार डोस आधी लाल औषधाचे (डॉक्सोरुबिसिन, हे पण केमोच) झाले होते, तर ही बाटली बघून नर्सला म्हणली, तांबडा झाला, आता पांढरा वाढा व्हय.

आता गुण कुणाचा जास्त? 2005 साली पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या 454 बायकांवरची ट्रायल छापून आली, दोन्ही औषधं दर तीन आठवड्यांनी, त्यात गाठ आक्रसली नॅनोवाल्यांपैकी 33 टक्क्यांची आणि साध्यावाल्यांपैकी 19 टक्क्यांची. एवढंच वाचलं तर कुणीपण पैसे काढेल. पण आता साधं औषध बऱ्याचदा दर आठवड्याला देतात, आणि तशा साध्याशी आठवड्याच्या नॅनोची तुलना 2015 च्या अमेरिकन ट्रायलमध्ये झाली तेव्हा नॅनो सरस ठरलं नाही, उलट हातापायाचा बधिरपणा जास्त. पॅन्क्रियासच्या कॅन्सरचं गणित वेगळं, तिथं जेमसिटाबिन या दुसऱ्या केमोच्या जोडीला नॅनो दिल्यावर आयुष्य वाढलं, मीडियन (म्हणजे ओळीत मधला आकडा) 6.7 महिन्यांवरून 8.5. म्हणजे नॅनो बरं का हा प्रश्नच अर्धवट, कुठल्या कॅन्सरला आणि कशाच्या बदल्यात ते विचारा.

आणि ते 'थेट गाठीवर'. गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यातून बारीक कण झिरपून तिथं साठतात, हे जपानी शास्त्रज्ञांनी 1986 ला मांडलं, खरं आहे. पण 2016 मध्ये प्राण्यांवरच्या दहा वर्षांच्या प्रयोगांचा हिशोब काढला तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचणारा वाटा निघाला 0.7 टक्के (मीडियन). बाकीचं बरंचसं लिव्हर आणि प्लीहा गिळतात. त्यामुळं केस जायचे ते जातातच.

लाल औषधाचा पण लिपोसोमवाला, म्हणजे चरबीच्या बारीक फुग्यात भरलेला, प्रकार आहे, 1995 पासून. हृदयावरचा ताण कमी, पण तळहात-तळपाय सोलवटतात, हार्ट आधीच कमजोर असेल तर विचारात घ्यावा. लिपोसोम शब्द ओळखीचा वाटत असेल तर 2021 चा काळ्या बुरशीचा सीझन आठवा, इंजेक्शनसाठी केवढी पळापळ, ते लिपोसोमल ॲम्फोटेरिसिन. तिथं फरक सरळ होता, साध्यानं किडनीला फार त्रास व्हायचा.

एक मात्र बघाच, बाटलीवर नुसतं नॅनो लिहिलंय म्हणून अल्ब्युमिनवालंच असेल असं नाही, आपल्याकडं पॉलिमरवालं (अल्ब्युमिनऐवजी कृत्रिम पदार्थाचे कण) पण मिळतं आणि वरच्या ट्रायल अल्ब्युमिनच्या आहेत. मिलिग्रॅम पण साध्याचे नॅनोला लागू होत नाहीत. आणि खर्च योजनेत बसतो का ते ॲडमिशनच्या आधी विचारा, नंतर नाही.

आम्ही साध्यानं सुरुवात केली. पहिल्याच डोसला दहा मिनिटांत आत्तीचा चेहरा लालबुंद, छाती आवळली, सलाईन बंद. त्यात तिला शुगर, स्टेरॉइडनं ती तीनशेच्या वर गेलेली. ही दोन कारणं होती म्हणून नॅनोवर गेलो, नसती तर मी साधंच चालू ठेवा म्हणलो असतो. नॅनोला ॲलर्जी काय आली नाही, शुगर पण आटोक्यात राहिली. पण सातव्या डोसला महाद्वार रोडवर एक चप्पल पायातून कधी निसटली तिला कळलंच नाही, मागून फुलवाल्या मावशींनी हाक मारून दिली. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी डोस कमी केला. आता सहा महिने झाले, बधिरपणा बराच उतरलाय, जिना मात्र ती अजून पायाकडं बघतच उतरते.