रायडर आणि पिलियनसाठी इंटरकॉम: वायर, ब्लूटूथ की मेश?

इंटरकॉमच्या (हेल्मेटमध्ये बसवून चालत्या बाइकवर एकमेकांशी बोलायच्या यंत्राच्या) खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत रेंज छापलेली असते: ४०० मीटर, ८०० मीटर, १.६ किलोमीटर. एकाच बाइकवरच्या दोघांना त्या आकड्याचा काडीचाही उपयोग नाही. दोन हेल्मेटमधलं अंतर जेमतेम हातभर. तरी मागच्याचं बोलणं कळत नाही, ते वाऱ्यामुळे, कानावर नीट न बसलेल्या स्पीकरमुळे आणि तोंडापासून लांब राहिलेल्या माइकमुळे. म्हणून आधी एकच गोष्ट ठरवा: बोलायचं आहे ते फक्त मागे बसणाऱ्याशी, म्हणजे पिलियनशी, की बरोबरच्या चार बाइकवाल्यांशीही? निम्मी निवड तिथेच होते.

बाइकवरच्या स्पीकरचा विषय लवकर संपवता येतो. होंडा गोल्ड विंगसारख्या मोठ्या फेअरिंगच्या (पुढच्या आवरणाच्या) बाइकवर ते ठीक वाजतात, कारण काच वारा अडवते. साध्या अ‍ॅडव्हेंचर बाइकच्या हँडलला लावलेले स्पीकर ७०-८०च्या पुढे वाऱ्यात विरून जातात. मागच्याला काही ऐकू येत नाही, सिग्नलला मात्र अख्ख्या चौकाला ऐकू जातं. शिवाय दोघांचं बोलणं त्यातून होतच नाही.

वायरचा इंटरकॉम

हा प्रकार जुना झाला, पण पिलियन ठरलेला असेल तर अजूनही विचारात घ्यावा असा आहे. बाइकच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर सीटखाली बसतो आणि दोन गुंडाळीच्या वायरी दोन हेल्मेटना जातात. चार्जिंग नाही, पेअरिंग नाही, बोलण्यात उशीर नाही. गोल्ड विंग आणि हार्लेच्या टूरिंग बाइकना यासाठी गोल डिन सॉकेट कंपनीतूनच मिळत असत.

त्रास दोन ठिकाणी होतो. पहिला, इंजिनाबरोबर चढत जाणारी शिट्टी. आरपीएम वाढले की ‘कुंईऽऽ’ आवाज वर चढत असेल तर तो बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा. अ‍ॅम्प्लिफायरची अर्थ (निगेटिव्ह वायर) चॅसीच्या एका बोल्टला आणि फोन-चार्जरची अर्थ दुसरीकडे, असं झालं की दोन अर्थमधल्या व्होल्टेजच्या फरकातून आवाज ऑडिओत शिरतो. दोन्ही अर्थ थेट बॅटरीच्या निगेटिव्हला घ्या. तरीही राहिला तर फोनकडून येणाऱ्या ऑडिओ वायरमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (हा आवाज अडवणारी छोटी डबी) टाका. पॉझिटिव्ह वायर फ्यूजमधून आणि इग्निशनवर चालणाऱ्या रिलेमधून घ्या, नाहीतर रात्रभरात बॅटरी बसते.

दुसरा त्रास माणसांचा. चहाच्या टपरीवर मागची व्यक्ती प्लग न काढताच उतरते आणि वायर ताणली जाते. प्लग सहज सुटणारा, सरळ ओढला की निघणारा हवा. स्क्रूने आवळायचा प्लग घेऊ नका.

ब्लूटूथ

दोघांच्या टूरिंगसाठी बहुतेकांनी इथेच थांबावं. कार्डो स्पिरिट (४०० मीटर), स्पिरिट एचडी (६०० मीटर), फ्रीकॉम २एक्स (८०० मीटर, दोनच जणांसाठी), सेना (Sena) कंपनीचा भारतात मिळणारा परानी ब्रँड, बंगळुरूच्या ब्लूआर्मरची साधी मॉडेल्स, असे पर्याय आहेत. यांतल्या रेंजच्या फरकासाठी पैसे मोजायची गरज नाही. फरक पाहायचा तो स्पीकरचा. साध्या स्पिरिटमध्ये ३२ मिलिमीटरचे स्पीकर आहेत, स्पिरिट एचडीमध्ये ४० मिलिमीटरचे. हायवेच्या वेगात बोललेला शब्द समजतो की नाही, तो फरक इथे पडतो.

दोन्ही युनिट एकाच ब्रँडची घ्या, जमलं तर एकाच मॉडेलची. ‘युनिव्हर्सल पेअरिंग’ने वेगळे ब्रँड जोडता येतात. पण त्यात तुमचं युनिट समोरच्या युनिटला फोन समजतं. म्हणजे फोनसाठीची एक जागा त्यात जाते, आवाज फोनकॉलसारखा येतो आणि चहाला थांबून पुन्हा निघालात की जोडणी कित्येकदा हाताने करावी लागते. दोन-चार हजार वाचवण्यासाठी हे रोजचं झेंगट नको.

ब्लूटूथची खरी मर्यादा तीन-चार बाइक झाल्या की दिसते. जोडणी साखळीची असते: पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला. मधला पेट्रोलला थांबला की साखळी तुटली.

मेश

मेशमध्ये प्रत्येक युनिट बाकी सगळ्यांशी बोलतं आणि एकाचा सिग्नल दुसऱ्याकडे पोचवतंही. कोणी मागे पडला तर उरलेले तुटत नाहीत, तो जवळ आला की आपोआप जोडला जातो. ताम्हिणी किंवा आंबोलीसारख्या घाटात हे फार कामाचं. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल डोंगराच्या आडून जात नाही, त्यामुळे वळणापलीकडची बाइक थेट मिळत नाही. पण वळणावर असलेली तिसरी बाइक मधला दुवा होते. खोक्यावरची रेंज मोकळ्या मैदानातली असते. घाटात तिच्या निम्मीसुद्धा धरून चालू नका.

कार्डो पॅकटॉक एजमध्ये ग्रुप १५ जणांचा. सेना ५०एसच्या ग्रुप मेशमध्ये २४ जण बसतात, शिवाय ओपन मेशमध्ये पेअरिंग न करता एकाच चॅनेलवर येता येतं. मोजताना पिलियनही मोजा. आठ बाइक, प्रत्येकीवर दोघं म्हणजे १६ युनिट, कार्डोचा ग्रुप एकाने कमी पडला. कार्डोचं मेश आणि सेनाचं मेश एकमेकांशी बोलत नाहीत. दोन्हींना जोडायचं तर पुन्हा ब्लूटूथच. म्हणून मेश घेताना परीक्षणं वाचण्याआधी तुमच्या ग्रुपमध्ये काय आहे ते विचारा. ग्रुप नसेल तर साधारण एका चांगल्या मेश युनिटच्या पैशांत दोन चांगली ब्लूटूथ युनिट येतात. मेश नुसतंच ‘पुढे कधीतरी लागेल’ म्हणून घेणं म्हणजे दोघांच्या घरासाठी पंगतीची भांडी घेणं.

बसवणं, म्हणजे निम्मं काम

महागडं युनिट वाईट वाजतं ते बहुतेक वेळा फिटिंगमुळे. चीकपॅड (गालाजवळची गादी) काढा, आत कानासाठीचा खळगा दिसेल. खळगा उथळ असेल तर स्पीकर कानावर दाबला जातो आणि तासाभरात दुखायला लागतं. हेल्मेट घेतानाच खळग्यात बोट घालून पाहावं. खोल असेल तर स्पीकर कानापासून लांब राहतो. मग त्यामागे खोक्यात येणारे फोमचे तुकडे लावा. स्पीकर कानाच्या भोकासमोर, नुसता टेकेल इतकाच हवा. एक सेंटिमीटर मागे-पुढे झाला तरी आवाज पातळ होतो. वेल्क्रो पक्का चिकटवण्याआधी कागदी टेपने लावा, अर्धा तास चालवून पाहा आणि मगच पक्का करा. आतलं थर्माकोलसारखं ईपीएस कापू नका आणि शेलला (बाहेरच्या कवचाला) भोक पाडू नका. डोकं वाचवणारा भाग तोच आहे.

युनिट डाव्या बाजूला लावतात, कारण उजवा हात थ्रॉटलवर असतो. क्लॅम्पची मागची पट्टी शेल आणि ईपीएसच्या मध्ये सरकवून अ‍ॅलन कीने आवळायची. पट्टी जात नसेल तर चिकटवायचा माउंट लावा: जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दाबून लावा आणि २४ तास चालवू नका.

फुल फेसला वायरचा बटण माइक, ओपन फेस आणि मॉड्युलरला दांडीचा बूम माइक. माइकची खूण असलेली बाजू ओठांकडे, अंतर एखादा सेंटिमीटर आणि वर फोमची टोपी. ती टोपी हरवली की समोरच्याला फक्त वारा ऐकू येतो. बोलल्यावर आपोआप उघडणारं व्हॉक्स घरात सेट केलं तर ८०च्या वेगात वाऱ्यानेच उघडत राहतं. ते रस्त्यावरच्या वेगात तपासावं, आणि तपासायचं काम पिलियनने करावं.

हायवेवर हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज सहज ९५ डेसिबलच्या वर जातो. अमेरिकेच्या नायॉश संस्थेच्या मर्यादेप्रमाणे ८५ डेसिबलला ८ तास चालतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. म्हणून आवाज वाढवत जाण्यापेक्षा फोमचे इअरप्लग घाला. वारा कमी होतो आणि ४० मिलिमीटरच्या स्पीकरचं बोलणं प्लगमधूनही कळतं.

फोन आणि पावसाळा

टीएफटी (रंगीत स्क्रीन) असलेल्या बाइकवर हेडसेट थेट फोनला जोडायचा की बाइकमार्फत, यांतला एकच मार्ग ठरवा. दोन्ही केले की कॉल एकीकडे, मॅपचा आवाज दुसरीकडे. मॅप बोलत नसेल तर गूगल मॅप्समध्ये ब्लूटूथवरून आवाजाचा पर्याय पाहा. गाणी फोन ज्याच्याकडे जोडलाय त्याच्या युनिटवरून शेअर होतात. बऱ्याच ब्लूटूथ मॉडेलमध्ये शेअरिंग चालू असताना इंटरकॉम थांबतो, हे घेण्याआधी विचारून घ्या.

कोकणातल्या पावसात आयपी६७ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाची श्रेणी) लिहिलेलं युनिटही चार्जिंगचं रबरी झाकण उघडं राहिलं तर आतून गंजतं. चालू पावसात पॉवर बँक लावू नका. पाऊस संपला की युनिट चार महिने पडून राहणार असेल तर बॅटरी साधारण अर्धी भरून ठेवा, पूर्ण भरूनही नको आणि रिकामीही नको. आणि फर्मवेअर (युनिटच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करायचा तर दोन्ही युनिटचा एकाच दिवशी, निघायच्या आठवडाभर आधी करा. अपडेटनंतर पेअरिंग पुसलं जाऊ शकतं, आणि ते पहाटे पाचला पार्किंगमध्ये कळू नये.