गूगल शीट्सचं कंडिशनल फॉरमॅटिंग: थकबाकीची ओळ लाल करताना

सोसायटीचा मेंटेनन्स असो की क्लासची फी, ‘मुदत टळली की ओळ लाल’ एवढ्या कामाला गूगल शीट्स पुरेसं आहे, तेही फुकटात. फॉरमॅट मेनूतून कंडिशनल फॉरमॅटिंग (अट पूर्ण झाली की सेलला आपोआप रंग देणारी सोय) उघडलं की उजवीकडे पट्टी येते. तयार पर्याय त्या त्या सेलपुरतेच रंग देतात. अख्खी ओळ रंगवायला यादीत तळाशी असलेलं ‘कस्टम फॉर्म्युला इज’ घ्यावं लागतं. घोळही तिथेच होतात.

समजा, मुदतीची तारीख ई कॉलममध्ये, भरल्याची एफमध्ये, रेंज ए2 ते एफ200. अँड या फंक्शनच्या (सगळ्या अटी एकदम पूर्ण झाल्या तरच ‘हो’ म्हणणाऱ्या) कंसात तीन अटी द्या: $ई2 रिकामा नसावा, $ई2 टुडेपेक्षा, म्हणजे आजच्या तारखेपेक्षा, लहान असावा, $एफ2 रिकामा असावा. डॉलर फक्त अक्षराआधी. आकड्याआधीही टाकला तर सगळ्या ओळी दुसऱ्या ओळीचाच निकाल दाखवतात. रेंज ए2पासून आणि फॉर्म्युल्यात ई1 असेल, तर रंग एक ओळ खाली घसरतो. पहिली अट गाळली तर रिकामा सेल शून्य धरला जातो, शून्य आजच्या तारखेहून लहान, म्हणून खालच्या कोऱ्या ओळीही लालेलाल. पट्टी याबद्दल चकार शब्द काढत नाही. फॉर्म्युला चालतोय एवढंच तिला पुरतं.

सगळ्यात छुपी अडचण लोकॅलची, म्हणजे तारीख कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायची या सेटिंगची. फाइल, सेटिंग्जमध्ये ते ‘युनायटेड स्टेट्स’ असेल तर 25/12/2025 ही तारीख न राहता मजकूर होते, आणि मजकूर कोणत्याही संख्येहून मोठा, त्यामुळे थकबाकी पांढरीच. 05/06/2025 मात्र मुकाट 6 मे होते. लोकॅल ‘इंडिया’ करून घ्या, पण नोंदी भरण्याआधी; आधीचा मजकूर नंतर आपोआप तारखेत बदलत नाही. डावीकडे चिकटलेली तारीख दिसली की संशय घ्यावा.

नियम वरून खाली तपासले जातात आणि पहिला लागू पडलेला जिंकतो, तेव्हा कडक नियम वर ओढून ठेवा. दुसऱ्या शीटचा संदर्भ हवा तर इनडायरेक्ट (मजकुरात लिहिलेला सेलचा पत्ता वाचणारं फंक्शन) वापरावं लागतं.

डेटा बार (सेलमध्ये आकड्यानुसार लांबी दाखवणाऱ्या पट्ट्या) आणि आयकॉन सेट (आकड्यानुसार बदलणारी चिन्हं) शीट्समध्ये नाहीत. एक्सेलमध्ये ते 2007पासून आहेत, शिवाय डुप्लिकेट शोधायचा तयार नियमही. शीट्समध्ये डुप्लिकेटसाठी काउंटइफ (अटीत बसणारे सेल मोजणारं फंक्शन) लिहायला लागतं. पण एक्सेलमध्ये ओळी कॉपी-पेस्ट करत राहिलं की एकाच नियमाचे तुकडे होत जातात, म्हणून पेस्ट स्पेशलमधून फक्त व्हॅल्यूज चिकटवा.