नंबरची बाजू आत गेली की टायर ‘नवा’ होतो

सहा चाकी गाडी जॅकवर, मागची जोडी उतरवलेली, आणि रात्री गोदीतून माल भरून घाट गाठायचाय. मुंबईत ट्रकमालक टायरमध्ये फसतो तो बहुतेक अशा घाईत. दुकानदार मागून १०.०० आर २० मापाची जोडी काढतो. “कंपनी रिटर्न आहे शेठ, एक किलोमीटर पळाला नाही. बिल नको असेल तर अजून कमी करतो.” फिटर टायर चढवतो तो नंबरची बाजू आत ठेवून. खरी मेख इथेच आहे.

टायरच्या कडेवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. ३६२३ म्हणजे २०२३ चा ३६वा आठवडा. पुष्कळ टायरांवर ही तारीख एकाच बाजूला असते, आणि ती बाजू जोडचाकात आत गेली की गाडी स्क्रॅपला जाईपर्यंत कोणी बघत नाही. म्हणून टायर रिमवर चढायच्या आधी जमिनीवर आडवा पाडायला लावा, दोन्ही बाजू वाचा, फोटो काढा. आकड्यांच्या जागेवरून नख फिरवा. घासलेली असेल तर तिथला भाग आजूबाजूपेक्षा गुळगुळीत लागतो, आणि वरून चिकटवलेल्या पट्टीची कड नखाला अडते. काळं पॉलिश मारलेला टायर आधी ओल्या फडक्याने पुसायचा. खरा नवा टायर इतका चकचकीत नसतोच.

मग टॉर्च घेऊन आत बघा. वापरलेला टायर पोटातून पकडला जातो. रिमला टेकणाऱ्या कडेवर गंजाचे तांबूस डाग, टॉमीने (टायर उचकटायच्या लोखंडी पहारीने) ओरबाडलेलं रबर, आत फ्लॅपचा, म्हणजे ट्यूब आणि रिममधल्या रबरी पट्टीचा, उमटलेला पट्टा. यातलं काहीही दिसलं तर तो टायर पळालेला आहे, मग दुकानदार काहीही शपथ घेवो.

सर्वात घातक प्रकार म्हणजे खाच कापलेला टायर. झिजलेल्या टायरमध्ये गरम ब्लेडने खाचा खोल करतात आणि नक्षी ताजी दिसते. नव्या टायरच्या खाचेच्या तळाशी ठरावीक अंतरावर आडवे उंचवटे असतात, झीज दाखवणारे. ब्लेड ते उडवतं, किंवा अर्धवट कापतं. तळही साच्यातल्यासारखा गोलसर राहत नाही, ब्लेडचे ओरखडे दिसतात. खाचेच्या तळाखाली पोलादी तारांपर्यंत रबर मुळातच थोडं असतं. तेच कापलं की एखादा खडा तारेपर्यंत पोचतो, पावसाचं पाणी शिरतं, तार गंजते आणि भरल्या गाडीत तापलेल्या टायरची वरची साल पट्टीसारखी सुटते. मूळ कंपनीने कापायला मुभा दिलेल्या टायरवर तसं छापलेलं असतं. नसेल तर विषय संपला.

रिमोल्डला, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेल्याला, नावं ठेवायचं कारण नाही. मागच्या जोडीत घाला, पैसे वसूल होतात. पण तो रिमोल्डच्या भावात घ्यावा. खांद्याजवळ गोल फिरणारी जोडरेषा आणि नक्षीवर कुठेतरी आडवा सांधा दिसला की ओळखा.

टायरच्या कडेवरचा भाराचा आकडा इथे बहुतेक जण वाचतच नाहीत. १४६/१४३ म्हणजे एकटा टायर ३००० किलो, जोडीतला २७२५. मागे चार धरले तर १०,९०० किलो. जुलै २०१८ मध्ये चार टायरच्या एकेरी एक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन झाली. तुमच्या आरसीवर वाढीव वजन असेल तर जोडीचा आकडा किमान १४५ हवा, १४९/१४६ घेतला की भागतं. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून स्वस्तातला गळ्यात मारला जातो.

ट्यूब आणि फ्लॅप नवे लावल्याचे पैसे घेऊन जुनेच आत ढकलतात. ताणलेल्या ट्यूबला घडी पडते आणि ती तिथेच फाटते. नव्या सेटचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा.

बिल पक्कंच घ्या आणि त्यावर टायरचा सिरियल नंबर लिहून घ्या, नाहीतर कंपनी क्लेम घेत नाही. एचएसएन, म्हणजे बिलावरचा मालाचा कोड, बघा: नवा टायर ४०११, रिट्रेड (रिमोल्ड) किंवा वापरलेला ४०१२. तोंडाने ‘नवा’ म्हणणारा कागदावर ४०१२ लिहितो, आणि मालक बिल घडी करून खिशात टाकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रक टायरवर जीएसटी १८ टक्के आहे. २८ लावला असेल तर तिथेच विचारा.

फसल्याचं नंतर कळलं तर टायर रिमवरून उतरवण्याआधी चाकासकट फोटो घ्या, मग उतरवून आतले. टायर दुकानदाराच्या ताब्यात ‘तपासायला’ देऊ नका, पुरावा परत येत नाही. तक्रारीला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक आयोगात व्यापारी खरेदीला जागा नाही, पण पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवणारा मालक तिथे ग्राहक धरला जातो. मुदत दोन वर्षांची.